दिवा लागला होता

मणीच्या पत्राला वासुदेवरावांनी उत्तर पाठवले नव्हते, याला सात वर्षे होऊन गेली होती. पाठवले नव्हते हे खरे. लिहिले नव्हते असे मात्र म्हणता आले नसते. निळे इनलँड पत्र, एकोणनव्वदच्या मार्चमधले, वर तिरुच्चीचा शिक्का. आतली भाषा घरची मराठी आणि अक्षरे तमिळ, कारण मणीच्या घरात देवनागरी कुणालाच वाचता येत नव्हती. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर आलेले. भाषा घरात राहिली, लिपी कधीतरी वाटेत गळाली. पत्र नऊ ओळींचे होते. त्यांतल्या सात ओळी खुशालीच्या. उरलेल्या दोन अशा: ‘राव, मी तुम्हांस अगोदर सांगितलों होतों कीं नाही, तेवढें मज लिहा. दुसऱ्या कुणास दाखवणार नाही. स्विच बसवतांना आतां माझा हात थांबतो.’ वासुदेवरावांनी पत्र जाड शब्दकोशात ठेवले, आणि हळूहळू तो शब्दकोश उघडणेच बंद केले. एखादा शब्द अडला तर अडलेलाच राहू द्यायचा. कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला हे जड गेले असेल. पण त्याची त्यांना सवय झाली, जशी इतर गोष्टींची झाली होती.

त्या गुरुवारी नाचियार्कोविलहून परतताना ते भाच्याच्या, वेणुगोपाळच्या, मोटरसायकलवर मागे बसले होते. त्याच्या नव्या घरासाठी पितळी समई आणली होती. ती वर्तमानपत्रात गुंडाळून वासुदेवरावांनी मांडीवर उभी धरली होती. गाडी नवी, जेमतेम महिन्याची. वळायचा दिवा लावला की ती चिमणीसारखी ओरडे, स्टँड खाली राहिला तर तांबडा दिवा दाखवी, आणि गिअर सुटून गाडी न्यूट्रल असली की हिरवा. वेणुगोपाळला या साऱ्याचे भारी कौतुक होते. आता आपण नुसते बसायचे, मामा, गाडी स्वतःच सगळे सांगते, असे तो वाटेत दोनदा म्हणाला होता. रेल्वेचे फाटक बंद होते. वेणुगोपाळने गाडी टाउन बसच्या मागे उभी केली, खाली एकदा पाहिले, आणि रुमाल काढण्यासाठी क्लचवरचा डावा हात उचलला. गाडीने एक उडी मारली. उडी म्हणजे हातभरही नाही. पुढचे चाक बसच्या मागच्या पत्र्याला टेकले, इंजिन गप्प झाले आणि समईचा बोथट शेंडा वासुदेवरावांच्या छातीच्या हाडावर आपटला. बसच्या मागच्या दारातून कंडक्टर बाहेर वाकला आणि तमिळमध्ये म्हणाला, “काय तंबी, डिझेल संपलंय हे तुला कसं कळलं? ढकल, ढकल.” बसमधले लोक हसले. वेणुगोपाळही हसला. मग मान मागे न वळवता, मीटरच्या काचेवर नखाने टकटक करत म्हणाला,

“दिवा लागला होता, मामा.”

यात काही नव्हते. कुणाला लागले नव्हते, पत्र्यावर ओरखडा नव्हता. तरीही वासुदेवराव खाली उतरले. समई त्यांनी भाच्याच्या पुढ्यात टाकीवर ठेवली आणि तू जा, मी चालत येतो, असे सांगितले. वेणुगोपाळने कारण विचारले नाही. वासुदेवमामांना अधूनमधून असे काही होते हे घरात सर्वांना ठाऊक होते. आगगाडी गेली, फाटक उघडले, वेणुगोपाळ गेला, लोक त्यांना चुकवून पुढे सरकले, आणि ते रुळांच्या कडेला छातीवर तळवा ठेवून उभे राहिले. दुखत नव्हते. ते वाक्य तेवढे आपल्या आवाजात ऐकू येत होते. ते भाच्याचे वाक्यच नव्हते. ते त्यांचे होते, आणि आठ वर्षांपूर्वी त्यांनी ते इतक्या शांतपणे, इतक्या वेळा म्हटले होते की त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी आपण मोटरसायकल का घेतली, याचे उत्तर वासुदेवरावांनी कुणालाच दिले नव्हते. लोक समजले, हौस. हौस नव्हती. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणारा, कार्डावर पुस्तकाचा क्रमांक लिहिल्यावर तो चारदा वाचणारा आणि चौथ्यांदाही खात्री न पटणारा असा त्यांचा स्वभाव. जुन्या जड मोटरसायकलींची त्यांना धास्ती वाटे, कारण त्यांत सगळे पायाला कळावे लागे. मग शहाऐंशीत त्या हलक्या नव्या गाड्या कुंभकोणमला आल्या. दुकानातल्या माणसाने किल्ली फिरवली आणि मीटरच्या काचेखाली बोटाच्या नखाएवढा एक हिरवा ठिपका उजळला. गिअर सुटला की हा लागणार, सर, म्हणाला. वासुदेवराव त्या ठिपक्याकडे बघत राहिले. कुणीतरी दुसरे, ज्याला शंका येत नाही असे कुणीतरी, ठरवून सांगत होते. घरी आल्यावर त्यांच्या पत्नीने, सुंदरीबाईंनी, गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढेच विचारले की आता याच्यावर बसून कुठली वाचनालये पालथी घालणार. वासुदेवरावांनी गाडी घेतलीच नव्हती. तो दिवा घेतला होता.

मणीची गाड्या दुरुस्तीची शेड दारासुरम्‌च्या रस्त्यावर, विणकरांच्या गल्लीच्या तोंडाशी. तिशी न उलटलेला, बारीक, सदा कोपरापर्यंत काळा. बाहेर सगळ्यांशी तमिळ आणि वासुदेवराव आले की मराठी, ती जुनी, तंजावरची मराठी, जी पुण्याहून आलेल्या एका प्राध्यापकाने ऐकून, तुम्ही बखरीतून बोलता, असे म्हटले होते. वासुदेवराव दिवा नीट दिसावा म्हणून उन्हात मीटरवर तळव्याची सावली धरतात, हे पाहून मणी हसायचा. “राव, पुस्तक न्हवे तें. वाचूं नका. पाय टेका, गाडी पुढेमागे हालवून पाहा, मग हात सोडा.” ते तसे करून बघत. पहिला आणि दुसरा यांच्यामधली ती अर्धी जागा पायाच्या बोटाखाली कधी सापडे, कधी निसटे. सापडली असे पायाला वाटे तेव्हाही ते खाली बघत, आणि दिवा नसला तर पायाचे खोटे धरत.

अठ्ठ्याऐंशीच्या भाद्रपदात दिवा लागेनासा झाला. ते दोन आठवडे फार वाईट गेले. थांबण्याच्या प्रत्येक ठिकाणी ते क्लच इतका आवळून धरत की घरी आल्यावर डाव्या हाताची बोटे पुस्तकाचे पान उलटायला नकार देत. शेवटी मणीने जुना स्विच काढून नवा बसवला. हिरवा ठिपका उजळला तेव्हा वासुदेवरावांना लाज वाटावी इतका आनंद झाला. मणीने मागचे चाक हाताने फिरवले, पायाने गिअर टाकला, अर्धा सोडला, पुन्हा टाकला, कपाळाला आठ्या घालून पाहिले. मग म्हणाला की हा थोडा अगोदर लागतो, केसभर अगोदर. गिअर अजून धरलेला असतो आणि हा सुटला म्हणून सांगतो. आत एक पातळ चकती घालावी लागेल, ती आज नाही, दोन दिवसांनी गाडी आणा. “तोंवर दिवा लागला तरी हात सोडूं नका. पाय टेका, हळू सोडा. ऐकलांत ना?” वासुदेवरावांनी मान हलवली. ऐकले होते. शेडच्या पत्र्यावर त्या वेळी एक कावळा चालत होता, त्याची नखे वाजत होती. तेही ऐकले होते. इतके स्वच्छ ऐकल्यावर पुढे विसरलो असे म्हणण्याची सोय राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दारासुरम्‌ला त्यांच्या आतेभावाकडे, हनुमंतरावांकडे, महालयाचे श्राद्ध होते आणि वासुदेवराव पितरांच्या जागी जेवायला बसायचे होते. खरे तर तिथे जाऊनच स्नान करून सोवळे नेसायचे. पण हनुमंतरावांच्या विहिरीवर सकाळी गर्दी, उशीर झाला की ते बोलत, म्हणून वासुदेवराव घरीच नाहून, सोवळ्याची वेष्टी, म्हणजे तिकडचे धोतर, नेसून, अनवाणी, उघड्या अंगावर उपरणे घेऊन गाडीवर बसून निघाले. सुंदरीबाई म्हणाल्या की या वेशात गाडीवर तुम्ही गरुडावर बसल्यासारखे दिसता. विणकरांच्या गल्लीत रेशमाचा ताणा पसरलेला होता. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाकडी घोड्यांवर, पिवळ्या धाग्यांची एक लांबच लांब पट्टी, आणि दोन बाजूंनी बायका-पुरुष त्यावर तांदळाची खळ शिंपडत, धागे विंचरत चाललेले. वाट निम्म्याहून कमी उरली होती. वासुदेवराव थांबले. पुढ्यातच एक बाई वाकून तुटलेला धागा जोडत होती. पाय टेकायला म्हणून त्यांनी खाली पाहिले, आणि खालची जमीन खळीने पांढरी ओली होती. शिजलेल्या तांदळाची खळ, म्हणजे खरकटे. पाय पडला असता तर सोवळे मोडले असते. वेष्टीचा काठ तर जमिनीपासून चार बोटांवर लोंबत होता. त्यांनी उजव्या पायाची फक्त टाच एका कोरड्या दगडावर टेकवली. डाव्या पायाच्या उघड्या बोटाने गिअर अर्धा ढकलला. लोखंड बोचले म्हणून पुरता दाबला नाही. दिवा लागला. त्यांनी तो पाहिला. मग त्यांनी वेष्टीचा काठ वर उचलण्यासाठी डावा हात सोडला.

पुढचे त्यांना तुकड्यांनी आठवे, आणि त्या तुकड्यांत आवाज नसे. घोडी आडवी झालेली. पिवळे धागे पुढच्या चाकात गुंडाळत गेलेले. ती बाई, विशालाक्षी नाव, हे नंतर कळले, दोन्ही हात पुढे करून पडलेली आणि तिचा उजवा हात मनगटापासून भलत्याच बाजूला वळलेला. लोकांनी तिला सायकलरिक्षात घालून नेले. कुणीतरी वासुदेवरावांना दंडाला धरून उठवले. तेव्हा त्यांच्या मनात पहिल्यांदा आले ते असे, की आता याने शिवले, आता पुन्हा नाहावे लागणार. हा विचार त्यांनी पुढे कितीतरी वेळा तपासून पाहिला. दुसऱ्या कुणाचा निघावा अशी आशा धरून पाहिला. मग ते हनुमंतरावांकडे चालत गेले, विहिरीवर नाहिले आणि पानावर बसले. कारण ब्राह्मण उठून गेला तर श्राद्ध अडते, आणि लोकांचे पितर उपाशी ठेवणे बरे नव्हे. ते सगळे जेवले. वड्यांना मीठ कमी होते हेही त्यांच्या लक्षात राहिले.

संध्याकाळी गल्लीतली चार वडीलधारी माणसे आली. रागावलेली नव्हती, हे अधिक कठीण. कॉलेजातले राव, पोरांना पुस्तके देणारे. त्यांनी बसायला चटई मागितली आणि काय झाले ते विचारले. वासुदेवराव म्हणाले, “दिवा लागला होता.” मग एकाने विचारले, दिव्याचे काम कुणी केले होते? कालच मणीने नवा स्विच बसवला, असे वासुदेवरावांनी सांगितले. या दोन वाक्यांत खोटा असा एक शब्दही नव्हता. माणसांनी एकमेकांकडे पाहिले, मान हलवली आणि उठली. वासुदेवरावांना वाटले, आता कुणीतरी तिसरा प्रश्न विचारील. त्यांनी त्या प्रश्नाची वाटही पाहिली. दारापर्यंत गेले, तिथे उभे राहिले. पण तो प्रश्न दुसऱ्या कुणाला सुचण्यासारखा नव्हताच.

मणीची शेड विणकरांच्या गाड्यांवर चालत होती. त्या गाड्या येणे थांबले. एकदम नाही, एक-एक करत. पोंगलपर्यंत शेड बंद झाली आणि मणी तिरुच्चीला दुसऱ्या कुणाच्या गॅरेजात कामाला लागला. जाताना तो भेटायला आला नाही. वासुदेवरावांनी गाडी विकून टाकली आणि पुन्हा बसने जाऊ लागले. मग ते पत्र आले. पहिले उत्तर त्यांनी त्याच आठवड्यात लिहिले, चांगल्या छापील मराठीत, देवनागरीत, तीन पाने. त्यात यंत्र, विश्वास आणि मनुष्याची ज्ञानेंद्रिये यांवर काही विचार होते. लिहून झाल्यावर लक्षात आले की हे मणीला वाचताच येणार नाही, आणि हे लिहिताना आपल्याला ठाऊक होते. दुसरे लिहिले ते तमिळ अक्षरांत, पण त्यात ‘माझ्याकडूनही थोडे दुर्लक्ष झाले असण्याचा संभव आहे’ असे वाक्य आले आणि ते त्यांनी फाडले. सुंदरीबाईंना एकदा त्यांनी आडून विचारून पाहिले. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, दिवा लागलेला होता कीं नाही? मग उगाच कशाला लिहायचें. थोड्या वेळाने, शेंगा संपल्यावर, त्यांनी विचारले की वेष्टीला त्या दिवशी पुढे खळीचा डाग नव्हता, काठ वर खोचलेला होता, तो कधी खोचलांत? वासुदेवराव उठून बाहेर गेले. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

फाटकावरच्या गुरुवारनंतर, शुक्रवारी सकाळी, ते टाउन बसने दारासुरम्‌ला गेले. कशासाठी, ते त्यांना सांगता आले नसते. मणीचा पत्ता बदलला का ते विचारावे, असे त्यांनी स्वतःला सांगितले. शेडच्या जागी आता नारळाची वखार होती, हे ठाऊक असूनही. गल्लीत ताणा नव्हता. एका ओट्यावर एक बाई रहाटावर रेशीम गुंडाळत बसली होती, डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर ठेवलेला. मनगट लाकडाच्या गाठीसारखे एका बाजूला वर आलेले. वासुदेवराव पुढे निघून जाणार होते. ते दोन ओटे पुढे गेलेही. मग मागून तिने तमिळमध्ये विचारले, कुणाकडे आलात?

ते परत आले आणि मणीचा पत्ता हवा होता, म्हणाले.

तिने रहाट थांबवला. त्यांच्याकडे नीट पाहिले, आधी चेहऱ्याकडे आणि मग खाली, पायांकडे. आज त्यांच्या पायांत चपला होत्या.

“तुम्ही ते वेष्टीवाले ना,” ती म्हणाली. “काठ उचलत होता.”

ती रागाने बोलत नव्हती. एखादी वस्तू कुठे ठेवली ते सांगावे तसे सांगत होती. पडायच्या आधी मी वर बघितलं होतं, म्हणाली. गाडीचा आवाज बदलला म्हणून बघितलं. तुमचा हात कमरेशी होता, असा. तिने डाव्या हाताने पदराची कड चिमटीत धरून दाखवली. घरच्यांना सांगितलं, पण बाईला गाडीतलं काय कळतं, म्हणाले. आणि राव कॉलेजातले. हाताचं म्हणाल तर बारीक गाठ आता बसत नाही, सून बसवते. गुंडाळायला डावा पुरतो.

“मणीला,” वासुदेवराव म्हणाले, “मणीला हे सांगितलंत का?”

“दर दिवाळीला येतो तो. त्यालाही सांगितलं, पहिल्याच वर्षी.” तिने रहाटाला थोडा झोका दिला आणि पुन्हा थांबवला. “ऐकून घेतलं. मग म्हणाला, अक्का, राव खोटं बोलायचे नाहीत. मी त्यांना लिहिलंय. ते लिहितील, मग कळेल माझ्या हातानं काय झालं ते.”

मग ती म्हणाली की पत्ता तोच आहे, बदललेला नाही. आणि रहाट फिरू लागला.

बसमध्ये जागा असूनही वासुदेवराव उभे राहिले. त्यांना वाटले होते की आपण गप्प राहिलो म्हणजे एक जागा रिकामी ठेवली. तिथे मणी हवे ते मानील, शिव्या देईल, विसरून जाईल. रिकामी जागा तशी राहत नाही. त्यांच्या न लिहिण्याने सात वर्षे त्या माणसाशी रोज काहीतरी बोलणे चालवले होते, स्विच उचलताना, पाना धरताना. त्याने डोळ्यांनी पाहणाऱ्या बाईचे ऐकले नव्हते. तो एका हिरव्या ठिपक्याकडे बघत बसला होता. हे मनात येताच त्यांना आपली शंका आली, की आपण पुन्हा काहीतरी छापील मराठीत मांडू लागलो आहोत. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. भातखाचरे होती, एक बगळा होता, खांबावर क्षयरोगाची जाहिरात होती.

मोठ्या पोस्टात उतरून त्यांनी इनलँड घेतले. घरी गेलो तर लिहिणार नाही, हे त्यांना आता ठाऊक झाले होते. तिथल्या टेबलावर, दोरीला बांधलेल्या पेनाने, उभ्यानेच, तमिळ अक्षरांत आणि घरच्या भाषेत त्यांनी लिहिले:

‘मणी, तू मज अगोदर सांगितलास. मी ऐकलों होतों. दिवा लागला तरी हात सोडूं नका म्हणालास. जमिनीवर खळ होती, माझें सोवळें मोडूं नये म्हणून वेष्टी उचलायला मी हात सोडलों. स्विचचें काही चुकलें नाही. विशालाक्षी अम्मा सांगतात तें खरें. गल्लीतल्या वडील माणसांना उद्यां जाऊन मीच सांगतों. वासुदेवराव.’

वाचून पाहिले. ‘मी हात सोडलों’ यापुढे आणखी काही हवे असे त्यांना वाटले. काय हवे ते सुचेपर्यंत पेन मागणारा एक माणूस शेजारी येऊन उभा राहिला, म्हणून त्यांनी ते त्याला दिले. कडा चिकटवल्या, पत्ता लिहिलेला पुन्हा पाहिला, पिनकोड पुन्हा पाहिला. पेटीच्या तोंडात पत्र घातले आणि सोडले. आत पडल्याचा आवाज आला नाही. पेटी भरलेली असावी. वासुदेवरावांनी बोटे आत घालून चाचपले; कुणाच्यातरी जाड पाकिटाची कड लागली, त्यांचे पत्र लागले नाही. मागे एक बाई हातात कार्ड घेऊन ताटकळत होती. तिने विचारले, आजोबा, तुमचं झालं का? झालं, असे म्हणून ते बाजूला झाले.